दासगावात राहून चुंबकाचे डॉक्टर कसे व्हावे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालात, सेट परीक्षा थोडक्यात हुकली, महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करायला घरचे तयार नाहीत (तुम्ही तर त्याहून नाही), आणि दासगावच्या स्टॉपवर जो भेटेल तो विचारतो, "काय, सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला पाच-सात वर्षं आरामात पुरेल असं एकच सन्माननीय उत्तर आपल्या समाजाने शोधून ठेवलं आहे : "पीएच.डी. चालू आहे." समोरचा गप्प होतो. पुढचा प्रश्न विचारायचा तर त्याला विषय कळायला हवा, आणि तो कळणार नाही याची चोख व्यवस्था आपण करणार आहोत.

विषय आम्हीच देतो : मिश्रधातूंच्या पातळ थरांचे चुंबकीय गुणधर्म.

म्हणजे काय, ते एकदाच समजून घ्या, पुढे फारशी गरज पडणार नाही. निकेल, लोह, कोबाल्ट यांतले दोन-तीन धातू एकत्र करून काचेवर किंवा पत्र्यावर त्यांचा मायक्रोनभरही जाडी नसलेला थर बसवायचा, आणि तो चुंबक म्हणून कसा वागतो ते मोजायचं. धातू इतका पातळ झाला की त्याचा स्वभाव बदलतो. चुंबकत्व थराच्या पातळीत आडवं पडतं आणि काही केल्या उभं राहत नाही. ते उभं करता आलं तर हार्ड डिस्कवर कितीतरी जास्त माहिती मावेल, असं जपानच्या शुनइची इवासाकी यांनी 1970च्या दशकात सांगितलं. तशी डिस्क बाजारात यायला 2005 साल उजाडलं. मधल्या काळात, 1988 मध्ये, फ्रान्सात आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांनी लोह आणि क्रोमियम यांचे मोजक्या अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले. चुंबकीय क्षेत्र लावताच त्या चवडीचा विद्युतरोध धाडकन खाली आला. 1997 पर्यंत ही करामत हार्ड डिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये जाऊन बसली आणि 2007 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मावशीने मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो ज्या हार्ड डिस्कवर जपून ठेवलेत, तिच्यातला चुंबकीय थर 10-20 नॅनोमीटरचा आहे.

इतका झकास विषय प्रबंधात कंटाळवाणा करायचा म्हणजे मेहनत आली. ती कशी घ्यायची ते पाहू.

1. गाइड धरा.

गाइड निवडताना त्यांचं काम पाहू नका, त्यांच्याकडे किती जागा रिकाम्या आहेत ते पाहा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पातळ थरांची मोठी परंपरा आहे, मुंबईत टीआयएफआर आहे, पवईला आयआयटी आहे. पण या ठिकाणी लोक प्रश्न विचारतात, आणि तुमची प्रकृती नाजूक. पहिल्या भेटीत "सर, मला काहीतरी नवीन करायचंय" असं चुकूनही बोलू नका. सर दचकतात. "सर, तुमच्याकडे जे चालू आहे तेच पुढे न्यायचंय" असं म्हणा. चहा येतो.

2. मिश्रधातू ठरवा.

पहिला मान परमलॉयचा. 80 टक्के निकेल, 20 टक्के लोह. अमेरिकेत गुस्ताव एल्मेन यांनी तो 1914 च्या सुमारास शोधला, पुढच्या दशकात तो समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींभोवती गुंडाळला गेला, आणि 1979 मध्ये आयबीएमने विजेच्या मुलाम्याने त्याचाच पातळ थर बसवून हार्ड डिस्कची हेड बनवली. थोडक्यात, शंभर वर्षं जगातली हुशार माणसं या दोन धातूंच्या मागे लागलेली आहेत.

घाबरू नका. त्यांच्यापैकी कुणीही 43 अंश तापमानाला, पीएच 3.1 असताना, निकेल 81.3 टक्के घेऊन हा थर बनवलेला नाही. का बनवला नाही, हे विचारायचं नसतं. याला संशोधनातली पोकळी म्हणतात आणि सिनॉप्सिसचं पहिलं पान तिच्यावरच उभं राहतं. पोकळी सापडत नसेल तर तिसरा धातू मिसळा : तांबं, जस्त, मॉलिब्डेनम, कपाटात जी बाटली पुढे असेल ती.

आता गणित करा. पीएच पाच, करंट पाच, तापमानं पाच, सॅकरिनची प्रमाणं पाच. झाले 625 थर. प्रत्येक गटाचा एक पेपर धरला तरी निवृत्तीपर्यंतची सोय झाली. हे 625 थर बनवताना डोक्यात एकही प्रश्न नसला तरी चालतं. नसलेलाच बरा, वेळ वाचतो.

3. द्रावण करा.

सॅकरिन ऐकून चमकलात? थांबा, यादी पूर्ण ऐका. निकेल सल्फेट भरपूर, फेरस सल्फेट थोडं. पीएच धरून ठेवायला बोरिक अ‍ॅसिड. कॅरमबोर्डवर टाकतात तीच पावडर. थरातला ताण कमी व्हावा, कण बारीक यावेत म्हणून सॅकरिन. मधुमेहवाल्यांच्या चहातलं तेच. हायड्रोजनचे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटून खड्डे पडू नयेत म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट. टूथपेस्टला फेस आणणारं. आणि लोह हवेने बिघडू नये म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे क जीवनसत्त्व. एवढी काळजी घरात तुमचीही कुणी घेतलेली नाही.

ताजं द्रावण स्वच्छ हिरवं दिसतं. चार दिवसांनी पिवळट-तपकिरी झालं तर समजा लोह बिघडलं. फेकून नवीन करायचा कंटाळा आला असेल तर फेकू नका. वहीत "एज्ड बाथ" अशी नोंद करा आणि एक वेगळं प्रकरण उघडा.

इथे एक खरीखुरी गंमत आहे. द्रावणात निकेल भरपूर, लोह चिमूटभर. विजेच्या हिशेबानेही निकेलने आधी बसायला हवं. प्रत्यक्षात थरात लोहाचं प्रमाण द्रावणातल्यापेक्षा बरंच जास्त येतं. महाड डेपोत गाडी लागली की रांगेतले बाहेर आणि खिडकीतून पिशवी टाकणारा आत, तशातला प्रकार. कॅथोडपाशी पीएच चढतो, तिथे लोहाचे हायड्रॉक्साइडयुक्त कण पृष्ठभाग अडवून बसतात आणि निकेलला जागा मिळत नाही, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. सगळ्यांना ते मान्य आहे असं नाही. म्हणजे इथे विचार करायला भरपूर वाव आहे. तुम्ही काय करायचं? "अ‍ॅनॉमलस कोडिपॉझिशन दिसून आले" एवढं एक वाक्य लिहायचं आणि पुढच्या तक्त्याकडे वळायचं.

4. थर बसवा.

तांब्याचा पत्रा घ्या. एक बाय एक सेंटिमीटरचा चौकोन उघडा ठेवून बाकी भागाला बहिणीची नेलपॉलिश लावा (ही थट्टा नाही, लॅबोरेटऱ्यांतून खरंच लावतात, फक्त बहिणीला विचारून घ्या). पत्रा आधी डिटर्जंटने, मग सौम्य अ‍ॅसिडने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. क्रोकोडाइल क्लिपला लटकवून बीकरमध्ये सोडा, समोर निकेलची पट्टी, आणि दहा मिलिअँपिअर चालू करा. आता बघा. दोन-तीन सेकंदांत तांब्याचा गुलाबी रंग मावळतो, राखाडी चढतो, कडेने बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. मिनिटभराने बाहेर काढा. मधे आरसा, कडेला काळसर पट्टा, कारण करंट कडांना गर्दी करतो. फॅरेडेच्या हिशेबाने जास्तीत जास्त 0.2 मायक्रोन बसला असेल. बुडबुड्यांत गेलेला करंट वजा केला तर त्याहून कमी. हेअर ड्रायरने वाळवा. फोटो मधल्याच भागाचा काढा.

हे पाहायला छान वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही. प्रबंधात मात्र लिहू नका.

5. वीज गेली तर.

जाणारच. थर बसताना मधेच करंट तुटला, परत आला, की नव्या सुरुवातीला धातूंचं प्रमाण बदलतं आणि थरात थर तयार होतो. नवशिके इथे रडतात. तुम्ही रडू नका. वीज चार वेळा गेली तर तुमच्याकडे पाच पदरांचा मल्टिलेअर आहे, आणि मल्टिलेअरवर नोबेल मिळालेलं आहे.

6. पावसाळ्याचं नियोजन.

दासगावला सावित्रीची खाडी, वर तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. लोह जास्त असलेला थर अशा हवेत जून ते सप्टेंबर टिकेल अशी आशा धरू नका. महाडकर जुलै लागला की दुकानातला माल माळ्यावर चढवतात. तुमचे नमुनेही सिलिका जेलच्या डबीत घालून त्यांच्याबरोबर चढवा.

तरी गंज चढलाच तर? 1956 मध्ये माइकलजॉन आणि बीन यांनी दाखवून दिलं की कोबाल्टच्या कणांवर त्याच्याच ऑक्साइडचं कवच असलं तर हिस्टेरेसिसचा लूप (क्षेत्र उलटसुलट फिरवलं की चुंबकत्वाचा जो बंद आलेख निघतो तो) एका बाजूला सरकतो. पुढे हार्ड डिस्कच्या हेडमध्ये या सरकण्याचा फार उपयोग झाला. तेव्हा तुमचा लूप सरकलेला दिसला तर "एक्सचेंज बायस" असं ठणकावून लिहा. यंत्राचा शून्य हलला होता का, हे तपासायला कुणी दासगावात येत नाही.

7. स्वच्छतेचा अतिरेक टाळा.

काही काटकसरी विद्यार्थी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर थर बसवतात, कारण तो स्वस्त आणि "नॉन-मॅग्नेटिक" असतो. असतो, जोवर तुम्ही त्याला कात्री लावत नाही. कापताना चेपलेल्या कडा चुंबकीय होतात. अर्धा मिलिमीटर पत्रा हा शंभर नॅनोमीटरच्या थराच्या पाच हजार पट जाड. तेव्हा यंत्र जे चुंबकत्व दाखवतं ते थराचं की कात्रीचं, हा प्रश्न उरतो. उरू द्या. सिग्नल मोठा आला आहे, आनंद माना.

थर मुळात चुंबकीयच नसेल तर स्टीलचा चिमटा वापरा. 2004 मध्ये हॅफ्नियम ऑक्साइडच्या थरांत चुंबकत्व सापडल्याचं "नेचर"मध्ये छापून आलं. हॅफ्नियमच्या ऑक्साइडमध्ये ते असायला काहीच कारण नव्हतं, त्यामुळे खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या तिघांनी दाखवलं की शुद्ध थराला स्टेनलेसच्या चिमट्याने धरलं की तसाच सिग्नल मिळतो, आणि न धरलं की मिळत नाही. त्यांचा पेपर तुमच्या संदर्भयादीत येणार नाही एवढं बघा. लॅबमध्ये प्लास्टिकचा चिमटा असेल तर तो ड्रॉवरमध्ये सगळ्यात मागे ठेवा.

आणि कुणी अलिबागचं नाव काढलं तर विषय बदला. आपल्याच जिल्ह्यात ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडणार, हे ओळखून नानाभॉय मूस यांनी नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला बांधून घेतली. 1904 मध्ये ती सुरू झाली. तिथे आपला काळा पाषाण चालेना, कारण तो स्वतःच चुंबकीय. पोरबंदरहून अचुंबकीय दगड आणला आणि बांधकामात लोखंड टाळलं. मग 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेऊन जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळवला, आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मापनं थांबवली. पृथ्वीचं क्षेत्र इथे जेमतेम 0.4 गॉस, ते नीट मोजायचं म्हणून एवढा खटाटोप! अशा माणसांमुळे लोकांच्या अपेक्षा उगाच वाढतात.

8. जाडी "काढा".

चुंबकत्व दर घनसेंटिमीटरला सांगायचं तर थराची जाडी माहीत हवी. स्वस्त पद्धत वजनाची : आधीचं वजन, नंतरचं वजन, वजाबाकी. एक चौरस सेंटिमीटरवरच्या शंभर नॅनोमीटर परमलॉयचं वजन 0.09 मिलिग्रॅमच्या आत भरतं. तुमच्या डिपार्टमेंटच्या तराजूचा सगळ्यात लहान आकडा 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे जाडी एकतर शून्य येईल, नाहीतर तुम्ही म्हणाल ती. खिडकी उघडी असेल तर ऋणही येते; खिडकी लावा.

याहून सोपा मार्ग : आलेखाच्या उभ्या अक्षावर "आर्बिट्ररी युनिट्स" लिहून मोकळे व्हा. जाडीही नको, वजनही नको, आणि परीक्षकाला भांडायला आकडाच नको.

9. नमुने मुंबईला न्या.

व्हीएसएम म्हणजे नमुना थरथरवून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र. अमेरिकेतल्या सायमन फोनर यांनी 1950च्या दशकात ते बनवलं. ते तुमच्या कॉलेजात नाही. पवईच्या आयआयटीत सैफ नावाची सोय आहे, बाहेरच्यांचे नमुने पैसे घेऊन वेगवेगळ्या यंत्रांवर तपासून देतात. अशा केंद्रांपैकी कुठेतरी नंबर लावायचा आणि वाट पाहायची. या काळाला प्रबंधात "नमुन्यांच्या स्थैर्याचा अभ्यास" म्हणता येतं.

प्रवासासाठी वीर स्टेशनवरून पॅसेंजर धरा. 2011 पासून रुंद होत असलेल्या महामार्गाने एसटीने जायची हौस असेल तर नमुने कापसात गुंडाळून मांडीवर ठेवा. माणगावपर्यंत फोनर यांच्या यंत्रापेक्षा चांगली थरथर मोफत मिळते.

नमुन्यांवर नंबर मार्करनेच घाला. मार्करची शाई अ‍ॅसिटोनने पुसली जाते आणि नमुना यंत्रात चढवण्याआधी तो अ‍ॅसिटोननेच पुसतात. उरतो तो अर्धा आकडा. तो 3 आहे की 8, हे निकाल हातात आल्यावर ठरवा. जो आलेखात बसेल तो.

10. लूप काढा आणि समजावून सांगा.

ओरिजिन नावाचं सॉफ्टवेअर मित्राकडून घ्या. मुळातला आलेख तिरका, खडबडीत येईल. काचेचा किंवा तांब्याचा प्रतिचुंबकीय उतार वजा करा (हे योग्यच आहे), मग "स्मूदिंग" करा (हे तितकंसं योग्य नाही), मग लूप मनासारखा गुळगुळीत होईपर्यंत स्मूदिंग करा (याचा निकाल तुमच्यापाशीच).

आता कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र. कण मोठे झाल्यावर ती वाढली तर काय, घटली तर काय, या चिंतेने मुलं झुरतात. मुळीच झुरू नका. हर्त्झर या जर्मन शास्त्रज्ञाने 1990च्या सुमारास दाखवलं की मऊ चुंबकीय मिश्रधातूंत कण काही दहा नॅनोमीटरच्या आत असतील तर कोअर्सिव्हिटी आकाराच्या सहाव्या घाताने वाढते, आणि त्याहून बरेच मोठे असतील तर आकार वाढेल तशी घटते. वाढली तरी नियम आहे, घटली तरी नियम आहे. त्या बिचाऱ्याने हे निसर्ग समजावा म्हणून मांडलं होतं. कणांचा आकार क्ष-किरणांच्या आलेखावरून शेररच्या 1918 च्या सूत्राने काढा. यंत्राने स्वतःच रुंद केलेली रेषा वेगळी काढायच्या फंदात पडू नका, म्हणजे उत्तर सोयीच्या बाजूला येतं.

कोअर्सिव्हिटी वाढलीही नाही, घटलीही नाही, अशी फक्त खालीवर झाली तर? "नॉन-मोनोटॉनिक" लिहा.

11. पेपर टाका.

सुरुवात अशी करा : "अलीकडच्या वर्षांत चुंबकीय पातळ थरांनी संशोधकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वेधून घेतले आहे." शेवट असा : "हे थर सेन्सर आणि डेटा स्टोरेजसाठी उपयुक्त ठरू शकतात." मधे तुमचे आकडे. "ठरू शकतात" ऐवजी चुकून "ठरतील" लिहू नका, कुणीतरी सेन्सर बनवून दाखवा म्हणेल.

कुठे पाठवायचा? एके काळी याचं उत्तर सोपं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत हजारो नियतकालिकं होती. मे 2018 मध्ये त्यातली 4,305 एका फटक्यात काढून टाकावी लागली. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून केअर नावाची नवी, गाळीव यादी चालवली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. मधल्या मधे नोव्हेंबर 2022 च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापायची सक्तीच उठवली, त्यामुळे तुमचं काम हलकं झालं आहे. तरी गाइडना पेपर हवाच असतो. ईमेलमध्ये तुम्हाला "आदरणीय प्राध्यापक महोदय" म्हणणारं, तीन दिवसांत परीक्षण उरकणारं आणि चौथ्या दिवशी बँकेचा खाते क्रमांक पाठवणारं नियतकालिक तुम्हाला शोधावं लागत नाही. ते तुम्हाला शोधतं.

लेखकांचा क्रम : गाइड, गाइडचे गाइड, मशीन ज्यांच्या ताब्यात आहे ते, त्यांनी सुचवलेले एक, आणि तुम्ही. द्रावण ढवळणाऱ्या लॅब असिस्टंट काकांचं नाव आभारात घाला, "अमूल्य सहकार्य".

12. पोलादपूरकडे बघू नका.

हा धोका केवळ या भागातल्या विद्यार्थ्यांना आहे म्हणून वेगळा सांगतो. रविवारी मित्र म्हणतील, चल, महाबळेश्वरला जाऊन येऊ. जा, पण आंबेनळी घाटात गाडीतून उतरू नका. त्या घाटातले बेसाल्टचे थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना नावं आहेत : पोलादपूर फॉर्मेशन, आंबेनळी फॉर्मेशन, महाबळेश्वर फॉर्मेशन. लाव्हा थिजला तेव्हा त्यातल्या टायटॅनोमॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळची उत्तर-दक्षिण धरून ठेवली. घाटाच्या खालच्या थरांत ती आजच्या उलट आहे, आणि वर महाबळेश्वरच्या जवळपास जाताना सुलट होते. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल रस्त्याच्या कडेला, कठड्यापलीकडे, उघड्यावर पडलेली आहे. 1950च्या दशकात टीआयएफआर आणि लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजच्या मंडळींनी दख्खनचे असे दगड मोजले, तर ते थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असं निघालं. खंड सरकतात हे मानायला निम्मं जग तेव्हा तयार नव्हतं.

बघा, किती गैरसोयीचं आहे हे. एकदा असा दगड हातात घेतलात की "हा असा का?" असं मनात येतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेल्यावर तेच स्वतःच्या थराबद्दल येतं. मग तुम्ही प्लास्टिकचा चिमटा शोधू लागता, पत्रा बदलता, कोऱ्या पत्र्याचाही लूप काढून आणता, निम्मे आलेख फेकून देता आणि तीन वर्षांचं काम सहा वर्षांवर जातं. गावात अशी एक-दोन माणसं निघतातच. त्यांचं लग्न उशिरा होतं.

13. प्रबंध बांधा.

काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. पहिली दोन प्रकरणं शोधगंगेवरच्या जुन्या प्रबंधांच्या आधारे लिहा, पण आपल्या शब्दांत; 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, आणि तुम्ही ते 9.8 वर आणून दाखवायचं आहे. "हिस्टेरेसिस"च्या व्याख्येचे शब्द मागेपुढे करताना अर्थ बदलला तरी चालेल, टक्का खाली आला पाहिजे.

14. व्हायवा.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना वीर स्टेशनवर घ्यायला जा, गाडी भाड्याची असली तरी एसीची. ते एकच प्रश्न विचारतील : "याचा उपयोग काय?" उत्तर : "सर, डेटा स्टोरेज." मागच्या बाकावर बसलेली तुमची आजी मान डोलावेल. मग वडे, पेढे, ग्रुप फोटो. घरी येताना एखादे काका विचारतील, "मग हा तुझा चुंबक फ्रिजला चिकटतो का रे?" नाही चिकटत, मऊ चुंबक आहे, त्याचा मोठेपणा त्यातच आहे. हे त्यांना नीट समजावून सांगता आलं तर पाच वर्षांत प्रथमच तुम्ही या विषयावर कुणाशी तरी बोललात असं होईल.

15. पाटी.

नावाआधी "डॉ." लागलं की गेटवर पाटी लावायची. दासगावात हे जरा बेतानेच करा. 1927 च्या डिसेंबरात याच दासगावच्या बंदरात बोटीतून उतरून बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला गेले होते, कोलंबिया आणि लंडन इथल्या दोन डॉक्टरेट पाठीशी घेऊन. या गावाला डॉक्टर म्हणजे काय ते माहीत आहे. पाटी लहान करा.

नोकरीचं म्हणाल तर तासिका तत्त्वावर मिळेल, पगार परीक्षा झाल्यावर. काही वर्षांनी तुम्हालाही गाइडशिप मिळेल आणि एक पोरगं समोर येऊन उभं राहील. ते म्हणेल, "सर, मला काहीतरी नवीन करायचंय." दचकू नका. बसायला सांगा. लोहावर फार काम झालंय म्हणा, तू कोबाल्ट घे. पीएच पाच, करंट पाच, तापमानं पाच. बीकर कपाटात खालच्या फळीवर आहे, घासून घे. आणि स्टीलचा चिमटा त्याच ड्रॉवरमध्ये आहे.